हौशी पहारेकरी आणि त्यांचे कैदी

कैदी आणि पहारेकरी हे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना उभे असतात, हें खरें. परंतु ती भिंत दोघांनाही बांधून ठेविते, हें आपण सहसा लक्षांत घेत नाहीं. कैद्याला बाहेर जातां येत नाहीं, आणि पहारेकऱ्याला सोडून जातां येत नाहीं. त्यांतही पहारेकरी हा पोटासाठीं शिपाईगिरी करणारा नसून कालपरवांपर्यंत तागडी धरणारा वाणी किंवा खतावणी लिहिणारा कारकून असला, म्हणजे मोठें चमत्कारिक दृश्य उत्पन्न होतें. ज्याच्या हातीं बंदूक तो मनांतून भ्यालेला, आणि ज्याच्या हातीं कांहीं नाहीं तो मात्र लढाईंत मुरलेला!

ह्या दृश्यांतील विनोद इंग्रजांनीं फार चांगला ओळखला. बी. बी. सी. च्या दूरचित्रवाणीवर १९६८ पासून १९७७ पर्यंत ‘डॅड्स आर्मी’ नांवाची एक विनोदी नाट्यमाला चालली. आमच्या घरांतील तरुण मंडळींनीं मोठ्या आग्रहानें तिचे कांहीं भाग आम्हांस दाखविले. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडच्या किनाऱ्यावरील एका लहानशा गांवीं बँकेचा व्यवस्थापक कप्तान झाला आहे, त्याचा हाताखालचा बाबू सार्जंट झाला आहे, आणि त्यांच्या पलटणींत म्हातारा खाटीक, प्रेतवाहक, काळाबाजारवाला आणि आईचा लाडका एक पोर अशी सगळी भरती आहे. १९७० सालच्या एका भागांत ही मंडळी इटालियन युद्धकैद्यांच्या तळावर पहारा करावयास जाते. १९७३ सालच्या दुसऱ्या एका भागांत बुडालेल्या जर्मन पाणबुडीचे खलाशी एका रात्रीपुरते त्यांच्या ताब्यांत येतात. जर्मन कप्तान, पुढें सूड घेतां यावा म्हणून, आपला अपमान करणाऱ्यांचीं नांवें टिपून ठेवीत असतो. त्यानें पोराचें नांव विचारलें असतां आमचे बँकवाले कप्तान ‘सांगूं नकोस’ म्हणून त्याला दटावतात, आणि दटावतांना स्वतःच त्याचें नांव उच्चारून बसतात!

हसूं ओसरल्यावर आम्ही जरा विचारांत पडलों. ह्या मालेचे एक कर्ते जिमी पेरी हे कोंवळ्या वयांत स्वतः होमगार्डांत होते. पुढें तोफखान्यांत भरती होऊन ते पूर्वेकडे आले, आणि आपल्या नाशिकजवळील देवळालीच्या छावणींत सैनिकांची करमणूक करणाऱ्या मंडळींत त्यांनीं काम केलें. ह्याच देवळालीस, ते येण्यापूर्वीं कांहीं काळ, जर्मन नजरकैदी ठेविलेले होते. म्हणजे हा विषय आपल्या अंगणांतून गेलेला आहे. तेव्हां प्रश्न असा कीं, हौशी शिपाई आणि त्यांचे कैदी ह्यांचा आपल्या महाराष्ट्रांतील इतिहास काय? आणि त्यांत हसण्यासारखें किती व न हसण्यासारखें किती?

ह्या इतिहासाचें मुख्य स्थळ अहमदनगर होय. त्या शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. पण ज्या काळाविषयीं आम्ही लिहीत आहों, त्या काळचेंच नांव येथें वापरतों. चांदबिबीनें मोंगलांशीं लढविलेला तेथील भुईकोट किल्ला १८०३ सालीं इंग्रजांच्या हातीं पडला. पुढें एका शतकानें ह्या किल्ल्यास आणि त्याच्या शेजारच्या छावणीस एक नवाच उद्योग लागला. सरकारास जे लोक दूर ठेवावेसे वाटत, त्यांस सांभाळण्याचा.

पहिले पाहुणे बोअर लोक. दक्षिण आफ्रिकेंत १८९९ सालीं युद्ध पेटलें, आणि तेथें पकडलेले बोअर सेंट हेलिना, सिंहलद्वीप, बर्म्यूडा अशा ठिकाणीं धाडण्यांत आले. १९०१ पासून त्यांतील हजारों लोक हिंदुस्थानांत आले. अहमदनगर आणि सातारा हीं त्यांच्या तळांपैकीं दोन ठिकाणें. आतां हे बोअर कोण? ते शेतकरी होते. खडी फौज अशी त्यांची फारशी नव्हतीच. हांक आली कीं घोड्यावर बसावें, बंदूक घ्यावी आणि आपणच निवडलेल्या अंमलदाराच्या हाताखालीं लढावें, अशी त्यांची रीत. म्हणजे अहमदनगरच्या ह्या पहिल्या प्रवेशांत पगारी शिपाई पहाऱ्यावर होता आणि हौशी शिपाई कैदेंत होता! १९०२ सालीं तह झाला, तरी राजनिष्ठेची शपथ घेण्यास कित्येकांनीं नकार दिला, आणि शपथ नाहीं तर सुटका नाहीं, असा पेंच पडला. शेवटीं त्यांचाच नामांकित सेनापति द ला रे हा हिंदुस्थानांत येऊन त्यांची समजूत घालूं लागला. शेतकऱ्याचा शब्द तो असा जड असतो. तो मिळाल्यावांचून साम्राज्याला दार उघडतां येईना.

दुसऱ्या प्रवेशांत पात्रांची अदलाबदल झाली. १९१४ सालीं युरोपांत युद्ध सुरू झालें आणि हिंदुस्थानांतील बहुतेक कसलेल्या गोऱ्या पलटणी तिकडे गेल्या. त्यांच्या जागीं विलायतेहून ‘टेरिटोरियल’ पलटणी आल्या. ही टेरिटोरियल फौज १९०८ सालीं हॉल्डेन ह्या मंत्र्यानें उभारलेली. आठवडाभर आपला धंदा करावा, सुटीच्या दिवशीं कवाईत करावी, उन्हाळ्यांत पंधरा दिवस तंबूंत राहावें, अशी तिची घडण. मायदेशाच्या रक्षणासाठीं नांव नोंदविलेले दुकानदार, कारकून आणि मास्तर अशा रीतीनें एकाएकीं दख्खनच्या उन्हांत येऊन पडले. त्याच सुमारास देशभरांतील जर्मन पुरुष धरून अहमदनगरच्या तळांत आणण्यांत आले. हे तरी कोण होते? मुंबई-कलकत्त्याचे व्यापारी, एंजिनियर, बोटींवरचे खलाशी आणि कित्येक मिशनरी. पुढें पूर्व आफ्रिकेंतील जर्मन मुलुखांतूनही कैदी आले. एकंदरींत छावण्यांच्या तारेबाहेरचा पुष्कळसा इंग्रज आणि तारेआंतला बराचसा जर्मन हे दोघेही पेशानें साधे नागरिक होते. दोघेही घरापासून हजारों मैल दूर होते. दोघांचेंही टपालावर लक्ष होतें. युद्धाच्या आदल्या वर्षीं एखाद्या व्यवहारांत ह्यांतील दोघांची गांठ पडली असती, तर एकमेकांस नमस्कार करून त्यांनीं हिशेब चुकता केला असता.

परंतु हौशी पहाऱ्याची गोष्ट प्रत्येक वेळीं गमतीची होते असें नाहीं. फेब्रुवारी १९१५ मध्यें सिंगापूर येथें पांचव्या लाइट इन्फंट्रीच्या हिंदी शिपायांनीं बंड केलें. त्यांची एक तुकडी जर्मन कैद्यांच्या तळावर चालून गेली. तेथील पहाऱ्यावर जोहोरच्या सुलतानाच्या सैनिकांबरोबर स्थानिक स्वयंसैनिकही होते. त्यांतील अनेक ठार झाले आणि कैद्यांना दार मोकळें मिळालें. बहुतेक जर्मन आंतच राहिले. ‘एम्डेन’ नौकेवरील लाउटरबाखसारखे थोडे मात्र निसटले. आठवड्याची कवाईत करणाऱ्या माणसाच्या अंगावर गणवेश चढला म्हणजे गोळीही त्याच्यावर चढते, हें नाटक पाहतांना विसरूं नये.

दुसऱ्या महायुद्धांत तळ पुन्हा भरले. १९३९ सालीं नंगा पर्वताची टेहळणी करून परतणारा हाइनरिख हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक कराचीस सांपडला आणि अहमदनगरास आला. पुढें देवळाली आणि मग डेहराडून असा त्याचा प्रवास झाला. आमच्या पुण्याजवळील पुरंदर किल्ल्यावरही जर्मन कुटुंबें ठेविलीं होतीं, आणि त्यांत हिटलरच्याच छळाला कंटाळून पळालेले कांहीं ज्यूही होते. शत्रूनें ज्याला शत्रु मानलें, त्यालाच आपणही शत्रु म्हणून कोंडावें, असा हा दैवाचा खेळ! तेथील बंदोबस्त तारेपेक्षां वचनावर अधिक उभा होता.

डेहराडूनची हकीगत तर नाट्यमालेंतही शोभेल. २९ एप्रिल १९४४ रोजीं हारर व त्याचे सहा सोबती तेथून भरदिवसां बाहेर पडले. दोघांनीं, म्हणजे रोल्फ मागेनर आणि हाइन्स फोन हावे ह्यांनीं, ब्रिटिश अंमलदारांचे पोषाख केले. बाकीच्यांनीं तोंडें रंगवून, डोक्यास पागोटीं गुंडाळून, शिडी व काटेरी तारेचें भेंडोळें घेऊन, तारा दुरुस्त करणाऱ्या हिंदी मजुरांचें सोंग घेतलें. दारावरच्या शिपायांनीं त्यांस अडविलें नाहीं. मागेनर हा पूर्वीं मुंबईंत एका जर्मन कंपनींत नोकरीस होता; गोरा साहेब पुढें आणि ओझेंवाला मजूर मागें चालला म्हणजे ह्या देशांत कोणी कांहीं विचारीत नाहीं, हें तो पक्कें शिकलेला होता. येथें फसले ते हौशी पहारेकरी नव्हेत, कवाईती शिपाई. आणि त्यांस फसविलें तें सोंगापेक्षां रोजच्या संवयीनें.

आतां आम्ही मूळ प्रश्नाकडे येतों. इंग्लंडांत १४ मे १९४० रोजीं ईडन ह्यांनीं रेडिओवरून हांक दिली, आणि दोन महिन्यांच्या आंत पंधरा लाखांच्या आसपास पुरुषांनीं नांवें नोंदविलीं. बंदुका पुरेनात म्हणून कित्येकांनीं काठ्या घेऊन कवाईत केली. ह्या मंडळींना पाहून लोक हसले, पण त्यांच्यावर अविश्वास कोणीं दाखविला नाहीं. सरकारनें खाटकाच्या हातीं बंदूक दिली, तेव्हां तो ती उद्यां आपल्यावर रोखील अशी भीति त्यास वाटली नाहीं. डॅड्स आर्मींतील सगळा विनोद ह्या विश्वासाच्या पायावर उभा आहे.

आमच्याकडे हा पाया नव्हता. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें हिंदी माणसाचे हात बांधले. स्वयंसैनिकांचीं पथकें येथेंही होतीं, पुण्यासही होतीं. पण तीं प्रायः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांचीं. १८८६ सालच्या राष्ट्रीय सभेनें, आम्हांसही स्वयंसैनिक होऊं द्या, अशी मागणी केली. त्या ठरावामागें शिकलेल्या मध्यम वर्गाची एक सल होती: आम्ही कर द्यावा, वकिली करावी, मुलांस शिकवावें, पण आपल्या गांवावर पहारा करण्याइतके आम्ही विश्वासू नव्हें! १९१७ सालीं इंडियन डिफेन्स फोर्स निघाला, तो युरोपियनांस सक्तीचा आणि आम्हांस ऐच्छिक. सहा वर्षें मंडालेस कैद भोगून आलेल्या टिळकांनीं पुण्याच्या तरुणांस त्यांत नांवें घालण्याचा उपदेश केला. पुष्कळांस त्याचें नवल वाटलें; आम्हांस वाटत नाहीं. कैदेंत राहिलेल्या माणसास बंदूक कोणाच्या हातीं आहे ह्याचें महत्त्व इतरांपेक्षां अधिक कळतें. त्याच वर्षीं विद्यापीठांच्या तुकड्या निघाल्या. त्यांतूनच पुढें युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोर उभा राहिला.

दुसऱ्या महायुद्धांत पंचवीस लाखांहून अधिक हिंदी लोक पगारी सैन्यांत होते, पण विश्वासाची कोंडी सुटली नव्हती. ऑगस्ट १९४२ मध्यें गांधीजी पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत अडकले. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा ह्यांचे देह तेथेंच पडले. त्याच वेळीं नेहरू, पटेल, आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदि कार्यकारिणीचे बारा सभासद अहमदनगरच्या किल्ल्यांत आले. नेहरूंनीं तेथें बाग खणली आणि १९४४ च्या एप्रिल-सप्टेंबरांत आपला भारतशोधाचा ग्रंथ लिहिला. मौलाना आझादांस मात्र त्या जागेंतला विनोदही दिसला. देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव त्यांनीं चांदबिबीच्या इतिहासांतील एका सरदारावरून ‘चीता खान’ असें पाडलें. तें सगळ्यांच्या तोंडीं बसलें. १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गुबारे खातिर’ ह्या त्यांच्या पत्रसंग्रहांत ही हकीगत आहे. नाटकांत कैद्यांनीं पहारेकऱ्यांचीं नांवें टिपलीं, ती धमकी होती. येथें कैद्यानें पहारेकऱ्याला नांव ठेविलें, तो विनोद होता. ज्याच्यापाशीं सूड घेण्याची इच्छाच नाहीं, तोच असा विनोद करूं शकतो.

६ डिसेंबर १९४६ रोजीं मुंबई इलाख्यांत, दंगलींच्या दिवसांत, मोरारजी देसाई गृहमंत्री असतांना होमगार्ड पथक स्थापन झालें. १९४८ सालीं राष्ट्रीय छात्रसेना निघाली. साठ वर्षांपूर्वींची मागणी अशा रीतीनें पदरांत पडली, आणि आपणही हौशी शिपाई बाळगणारें राष्ट्र झालों.

आम्हीही महाविद्यालयांत असतांना छात्रसेनेंत होतों. एका शिबिरांत पहांटे चारचा पहारा आमच्याकडे आला. बंदूक जुनी, आणि तींत गोळी नव्हती. अंधारांत कोणी येतांना दिसलें. आम्हीं शिकविल्याप्रमाणें मोठ्यानें दरडाविलें, ‘थांब! कोण आहे?’ पलीकडून शांतपणें उत्तर आलें, ‘दूध आहे. जरा कॅनला हात लावा, दादा.’ आम्हीं बंदूक भिंतीला टेंकवून कॅनला हात लावला, तोंच मागून सुभेदार आले. त्यांनीं आम्हांस ओळीबाहेर काढून अर्धा तास उभें केलें, आणि नंतर पहिला चहा आम्हांसच दिला.

त्या वेळीं आम्हांस शिक्षेचाच राग आला होता. आतां वाटतें, आमच्या आजोबांच्या पिढीला ही शिक्षा मिळण्याचीही सोय नव्हती.