विमानाचा बोल्ट बदलता येतो का?

आमच्या गिरडला बाईकचा बोल्ट तुटला की मिस्त्री डब्यातून बसेल तो काढतो, काम भागतं. विमानात मात्र 'बसला' म्हणजे 'बरोबर' नव्हे.

१० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या फ्लाइट ५३९० ची कॉकपिटची काच हवेतच उडाली. कॅप्टन टिम लँकेस्टर अर्धे बाहेर खेचले गेले, तरी वाचले! उड्डाणाआधी काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट जेमतेम ०.६६ मिमी बारीक लागले होते, उरलेले ६ आखूड. कॅटलॉग न बघता जुन्या बोल्टशी नजरेनं जुळवलेले.

मग बदली चालतच नाही? चालते, पण आधी नंबर वाचा. उदाहरणार्थ 'एएन३-१०ए'. ३ म्हणजे जाडी ३/१६ इंच. १० म्हणजे लांबी साधारण १ इंच (दहा इंच नाही हं!). शेवटचा 'ए' म्हणजे टोकाला पिनचं छिद्र नाही. जिथे नटला पिन लागते तिथे हा बाद.

बोल्ट किंचित लांब असेल तर वॉशर घालून जमवता येतं. आखूड नकोच, कारण भार आट्यांवर नाही, गुळगुळीत भागावर यायला हवा. घरी छिद्र पाडणं किंवा आटे वाढवणं तर विसराच: कॅडमियमचा थर जातो, गंज धरतो, बोल्ट कमजोर होतो. जास्त मजबूत बोल्टसुद्धा मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच.

नागपूरला मिहानमध्ये मोठी विमानं दुरुस्त होतात. तिथे काय किंवा कुठेही काय, कागदपत्रं नसलेला बोल्ट विमानाला लागत नाही, कितीही नवाकोरा असो.