शिवनेरीच्या कड्यावरील एक फूल

शिवनेरीचें नांव काढलें कीं मराठी माणसाच्या मनांत १६३० सालचा शिवजन्म उभा राहतो, आणि तें यथायोग्यच आहे. आज मात्र त्याच गडाच्या कड्याला चिकटून राहणाऱ्या एका वीतभर वनस्पतीची हकीगत श्रोत्यांस सांगावयाची आहे. तिला शिंदळ माकुडी म्हणतात. नांव ग्राम्य खरें; मुलांच्या तोंडून असा शब्द निघाला असतां ज्यानें जन्मभर डोळे वटारले, त्या शिक्षकास तें रेडिओवर उच्चारतांना संकोच होतो. पण लोकांनीं ठेवलेलें नांव बदलणारे आपण कोण?

साहेबानें मात्र दुसरें नांव दिलें. निकोल डाल्झेल हे मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांतील अधिकारी. अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह त्यांनीं १८६१ सालीं इलाख्यांतील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें थोड्याच वर्षांत जुन्नरकडील ही वनस्पति त्यांनीं शास्त्रास नवीन म्हणून नोंदविली आणि गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या नांवावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलें.

फ्रेअर १८६२ ते १८६७ पर्यंत गव्हर्नर होते. मुंबईच्या किल्ल्याचा तट त्यांच्याच कारकीर्दींत पाडला गेला. परंतु त्याआधीं ते साताऱ्यास रेसिडेंट होते. १८४८ सालीं छत्रपति शहाजीराजे निवर्तले, तेव्हां दत्तकास मान्यता द्यावी असें मत या गृहस्थांनीं दिलें. वरिष्ठांनीं तें मानलें नाहीं, राज्य खालसा झालें, आणि त्याच मुलखाचा कारभार फ्रेअर यांस पाहावा लागला. आतां ही वनस्पति साताऱ्याजवळच्या सज्जनगडावरही उगवते. ज्यानें साताऱ्याच्या गादीसाठीं शब्द टाकला, त्याचें नांव त्या मुलखांतील कड्यावर राहिलें, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो. अलीकडच्या शास्त्रज्ञांनीं तिला दुसऱ्या कुळींत घालून ‘बूसेरोशिया फ्रेराय’ केलें आहे. तरी फ्रेअर कांहीं सुटले नाहींत.

हिच्या बहुतेक भाऊबंदांना पानें जवळजवळ नसतात. हिला मात्र पावसाळ्यांत मांसल पानें येतात आणि उन्हाळ्यांत गळतात. फूल पांच पाकळ्यांच्या चांदणीसारखें, गर्द तांबडें, वर पिवळसर ठिपके. महाराष्ट्राबाहेर ती रानांत आढळत नाहीं. इकडेही शिवनेरी, पुरंदर अशा मोजक्या कड्यांवरच उरली आहे. वणवे, गुरें आणि हौशी लोकांची उपटाउपट यांनीं ती संकटांत आली.

मजेची गोष्ट अशी कीं, कुंडींत ती मुळींच हट्टी नाहीं. हट्टी होतों तो मी. पुण्याच्या एका स्नेह्यानें आपल्या कुंडींतील दोन कांडें दिलीं. आमचें नायगांव वसईच्या खाडीकांठीं, मिठागरांच्या शेजारीं; पावसाळ्यांत येथें हवासुद्धां ओली. मोगऱ्याला करावें तसें मीं एक कांड शेणखताच्या काळ्या मातींत लावलें आणि रोज पाणी घातलें. आषाढांत तें बुंध्याशीं कुजून लिबलिबीत झालें. दुसरें खिडकींत कागदावर पडून राहिलें होतें, तें मात्र सुकलें नाहीं!

मग शहाणपण आलें. आश्विनांत तें लावलें. कांड कापल्यावर चार-पांच दिवस सावलींत ठेवून जखम सुकूं द्यावी. कुंडीच्या तळाशीं खापऱ्या, वर जाडी वाळू, विटांचा चुरा आणि थोडें पानांचें खत. कड्याच्या भेगेंत तिला याहून अधिक मिळत नाहीं. माती पुरती सुकल्यावांचून पाणी घालूं नये. पानें गळलीं कीं जवळजवळ बंदच करावें. सकाळचें ऊन हवें, पण कोंकणांतील पावसाची झड अंगावर नको, म्हणून पागोळीच्या आंत ठेवावी. कांड मात्र कोणाच्या बागेंतूनच मागून आणावें. गडावरून एक पानही आणूं नये.

पुढील भाद्रपदांत ओसरीवर पहिलें फूल आलें. शेजारच्या मुलानें विचारलें, “गुरुजी, याला वास कां नाहीं?” मीं त्यास सांगितलें कीं हिचें काम माश्यांवर चालतें, आणि तेवढ्यांत एक माशी येऊन फुलावर बसलीही.