कॅनडाचे दार आणि गुणांचा कायदा

८ जानेवारी १९०८ रोजी कॅनडाच्या मंत्रिमंडळाने एक हुकूम जारी केला. त्यात हिंदुस्थानचे नाव नव्हते, वर्णाचा उल्लेख नव्हता, धर्माचाही नव्हता. जो इसम आपल्या जन्मभूमीहून किंवा नागरिकत्वाच्या देशाहून, निघण्यापूर्वीच खरेदी केलेल्या सलग तिकिटावर, वाटेत खंड न पडता थेट आलेला नसेल, त्यास कॅनडाच्या भूमीवर उतरण्यास मनाई करता येईल, एवढाच त्याचा आशय. आणि त्या काळच्या आगबोटींचे मार्ग ज्याला ठाऊक नाहीत अशा वाचकाला तो बंदरखात्याच्या व्यवस्थेपुरता एखादा नियम वाटावा, इतका निरुपद्रवी. परंतु लिव्हरपूलहून सुटलेली बोट अटलांटिक ओलांडून सरळ कॅनडाच्या किनाऱ्याला लागे, तर कलकत्त्याहून व्हँकूवरला निघालेल्या माणसाला वाटेत हाँगकाँग किंवा जपानमध्ये बोट बदलणे प्राप्त होते, आणि सलग तिकीट देऊ शकणाऱ्या कंपनीने ते हिंदुस्थानात विकू नये, अशी तजवीज सरकारने करून ठेवली होती. त्याच वर्षी आशियातून येणाऱ्याच्या गाठीला दोनशे डॉलर असलेच पाहिजेत, असाही दंडक घालण्यात आला.

हा आडमार्ग का पत्करावा लागला, हे समजून घेतल्याखेरीज पुढचा इतिहास उलगडत नाही. चिनी माणसावर कॅनडाने उघडउघड डोईपट्टी बसवली होती आणि १९०३ च्या कायद्याने ती ५०० डॉलरवर नेली होती. जपानशी समझोता करून तिकडून येणाऱ्यांची संख्या मर्यादित करून घेतली होती. पंजाबातून येऊन ब्रिटिश कोलंबियाच्या लाकूड-कारखान्यांत काम करणारा मजूर मात्र ब्रिटिश बादशहाचा प्रजाजन होता. साम्राज्यात सर्व प्रजा समान, असे १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने त्याला सांगितलेले होते, आणि त्याला नाव घेऊन अडवावे तर लंडनच्या सरकारची पंचाईत होत होती. १९०७ च्या सप्टेंबरात व्हँकूवरमध्ये आशियाई लोकांच्या वस्त्यांवर दंगल उसळल्यावर, नाव न घेता अडवण्याची युक्ती शोधणे राज्यकर्त्यांना निकडीचे झाले. या युक्तीचा पहिला मान कॅनडाचा नव्हे. १८९७ साली नाताळ वसाहतीने युरोपीय भाषेच्या लिपीत अर्ज लिहिता येण्याची अट घालून हिंदी लोकांना थोपवले होते, आणि वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी तोच नमुना इतर वसाहतींपुढे ठेवला होता. ऑस्ट्रेलियाने १९०१ च्या कायद्यात कोणत्याही युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा लिहून घेण्याची परीक्षा ठेवली, आणि भाषा कोणती ते ठरवण्याचा अखत्यार अंमलदाराकडे दिला. नियमाचा शब्द सर्वांना सारखा आणि त्याचा अंमल मात्र अधिकाऱ्याच्या मर्जीने, अशी ही राज्यपद्धती होती. माझ्या मते उघड बंदीपेक्षाही ती अधिक घातक होती, कारण उघड बंदीविरुद्ध निदान भांडता येते.

तरी लोक भांडले. १९१३ साली ‘पनामा मारू’ बोटीने आलेल्या ३९ हिंदी उतारूंना अटकेत ठेवले असता ब्रिटिश कोलंबियाचे मुख्य न्यायाधीश गॉर्डन हंटर यांनी हुकूमाची शब्दरचना मूळ कायद्याशी जुळत नाही, एवढ्या मुद्द्यावर त्यांची सुटका केली. आणि सरकारने बोध घेतला तो इतकाच की, हुकूम पुन्हा नीट शब्दांत लिहून काढला. त्या सुटकेने उमेद वाढलेल्या गुरुदित्तसिंगांनी हाँगकाँगहून भाड्याने घेतलेली ‘कोमागाटा मारू’ ३७६ उतारूंसह २३ मे १९१४ रोजी व्हँकूवरच्या बंदरात आली. तिची हकीकत आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पूर्वी तेथे वास्तव्य केलेले मोजके उतारू वगळता बाकीच्यांना दोन महिने किनाऱ्यावर पाय ठेवू दिला गेला नाही, अन्नपाण्यावाचून त्यांचे हाल झाले, ‘रेनबो’ या युद्धनौकेच्या देखरेखीखाली २३ जुलैला ती परत फिरवण्यात आली, आणि सप्टेंबरअखेर हुगळीच्या काठी बजबज येथे पोलिसांच्या गोळीबारात तिच्यातले अनेक जण ठार झाले.

या प्रसंगाहून मला अधिक हृदयद्रावक वाटते ते आधीच जाऊन वसलेल्या लोकांचे जिणे. ज्यांनी कॅनडात घर केले, जमीन घेतली, कर भरला, त्यांनाही मायदेशी राहिलेल्या बायकामुलांना आणण्याची सोय नव्हती, कारण बायकामुलांनाही तोच ‘सलग प्रवास’ करून यावे लागे. युद्धकाळात साम्राज्य परिषदेत ठराव झाले, तेव्हा कोठे १९१९ पासून पत्नी व अल्पवयीन मुले यांच्यापुरती वाट मोकळी झाली. मताचा हक्क त्याहूनही दूर होता. गोखल्यांच्या मागून पुण्याच्या भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे श्रीनिवास शास्त्री १९२२ साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व कॅनडा या स्वायत्त वसाहतींच्या दौऱ्यावर गेले, आणि जे हिंदी लोक तुमच्या भूमीवर कायदेशीरपणे वसले आहेत त्यांना तरी नागरिकाचे हक्क द्या, एवढी माफक मागणी त्यांनी आपल्या प्रख्यात वाणीने मांडली. तरी ब्रिटिश कोलंबियाने दाद दिली नाही, आणि तेथील हिंदी माणसाला मत मिळाले ते १९४७ साली. कायमचे वास्तव्य म्हणजे काय, याची खरी व्याख्या मला या जवळजवळ चाळीस वर्षांच्या लढ्यात सापडते: मजुरी मिळण्यापुरते उतरणे निराळे, आणि कुटुंब आणण्याचा, न्यायालयात जाण्याचा, पुढे मत देण्याचा अधिकार बाळगून राहणे निराळे.

स्वातंत्र्यानंतर दार किलकिले झाले. १९५१ च्या करारान्वये भारताला वर्षाला १५०, पाकिस्तानला १०० आणि सिलोनला ५० माणसांचा वाटा मिळाला. १९५७ मध्ये भारताचा वाटा ३०० झाला. पस्तीस-छत्तीस कोटींच्या देशाला दीडशे! पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले हरगोविंद खुराना १९५२ ते १९६० या काळात व्हँकूवरच्या प्रयोगशाळेत संशोधन करीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचे दारिद्र्य स्पष्ट होते. पण युद्धोत्तर कॅनडाचे कारखाने, विद्यापीठे, इस्पितळे झपाट्याने वाढत होती, आणि युरोप सावरल्यामुळे तिकडून कसबी माणूस पूर्वीसारखा येईनासा झाला होता. १९ जानेवारी १९६२ रोजी मंत्री एलेन फेअरक्लफ यांनी नवे नियम आणले, आणि स्वतःच्या कसबावर येऊ पाहणाऱ्या माणसाच्या बाबतीत वंशाचा निकष दूर झाला. मात्र त्या नियमांतही दोन उणिवा राहिल्या. दूरच्या नातलगांना बोलावण्याची सवलत युरोपीयांना होती ती आशियाईंना मिळाली नाही. आणि कोण ‘योग्य’ हे ठरवणे अजूनही अंमलदाराच्या अंदाजावर होते, त्यात परदेशांत अर्ज घेणारी कॅनडाची बहुतेक कार्यालये युरोपातच होती.

ही दुसरी उणीव हेरली ती मनुष्यबळ व आगमन खात्याचे सचिव टॉम केंट यांनी. निरनिराळ्या देशांतले अंमलदार निरनिराळ्या मापाने माणसे मोजतात. तेव्हा माप एकच असावे, ते लिहिलेले असावे, आणि अर्जदारालाही दिसावे, या विचारातून १ ऑक्टोबर १९६७ रोजी गुणांची पद्धती अंमलात आली. एकूण गुण १००, उत्तीर्ण होण्यास ५०. त्यांची वाटणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. शिक्षण व प्रशिक्षण यांना २०, दर यशस्वी वर्षास एक या हिशेबाने. त्या व्यवसायाला कॅनडात असलेल्या मागणीस १५. कसबाच्या दर्जास १०. वयास १०, पस्तिशीपर्यंत पुरते आणि पुढे दर वर्षी एक उणा. हाती आलेल्या नोकरीस १०. इंग्रजी व फ्रेंच यांच्या ज्ञानास १०. तेथील नातलगास ५. ज्या भागात जायचे तेथील रोजगाराच्या स्थितीस ५. आणि अंमलदाराने मुलाखतीत केलेल्या व्यक्तिगत पारखीस १५. आता पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेला पंचविशीचा एखादा पदवीधर मनाशी धरून पाहा. अकरा वर्षांची शाळा, दोन वर्षे इंटरपर्यंतची, तीन वर्षे पदवीची, असे शिक्षणाचे १६, वयाचे १०, व्यवसायाच्या दर्जाचे १०, फ्रेंचचा गंध नसला तरी इंग्रजीचे ५, आणि अभियंत्यांची चणचण असेल तर मागणीचे १० ते १५. नातलग नाही, नोकरी हाती नाही, तरी तो घरबसल्या बेरीज करून पाहू शके की, साहेबाने मुलाखतीत शून्य दिले तरी आपण पन्नाशी गाठतो. वरिष्ठांच्या संमतीने बेरजेविरुद्ध निर्णय देण्याची मुभा अंमलदाराला अपवाद म्हणून ठेवलेली होती खरी. पण साठ वर्षे जी मर्जी शंभरापैकी शंभर गुण राखून होती, ती पंधरांवर आली. या देशांतराच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना मी हीच मानतो.

दैवयोग असा की, त्याच वर्षी आपल्याकडचे दारही मर्जीतून कायद्यात आले. १९६७ पूर्वी भारतात पारपत्र कोणाला द्यावे व कोणाला नाकारावे याबद्दल कायदाच नव्हता. तो सर्वस्वी सरकारचा स्वेच्छाधिकार समजला जाई, आणि पारपत्राविना बोटीवर वा विमानात पाऊल ठेवता येत नसे. परदेशी जाणे व परत येणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने दिला होता. तो निवाडा लिहिणारे न्यायमूर्ती होते आपल्या सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे. सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल १९६७ रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तेच तत्त्व मान्य केले, आणि सरकारला जूनमध्ये पारपत्र कायदा करणे भाग पडले. नकार द्यायचा तर कारणे लेखी नोंदवावीत, आणि त्यावर अपील करता यावे, हे त्याने ठरवून दिले. ज्या तरुणांनी पुढच्या चार-पाच वर्षांत टोरोंटोची वाट धरली, त्यांच्यापैकी किती जणांना तारकुंडे यांचे हे ऋण ठाऊक होते, कोण जाणे. मात्र त्यांच्या हातातल्या त्या लहानशा पुस्तिकेमागे तो निवाडा उभा होता.

परकीय चलनाची तंगी इतकी की जाणाऱ्याला केवळ आठ डॉलर बरोबर नेता येत, ही त्या पिढीच्या तोंडची नित्याची आठवण आहे. १९०८ चे दोनशे डॉलर आणि हे आठ डॉलर यांच्यामधल्या अंतरात गुणांच्या कायद्याचे मोल सामावले आहे: धनाची विचारपूस मागे पडली, विद्येची पुढे आली. तीनशेच्या वाट्यावर अडकलेली भारतीयांची वार्षिक संख्या सत्तरीच्या दशकात हजारांच्या घरात गेली. उतरताच शिक्का मारून मिळणारा ‘लँडेड इमिग्रंट’चा कागद जपून ठेवायचा, पाच वर्षे राहून नागरिकत्वाचा अर्ज करायचा, आणि तोवर गावाकडच्या पत्रांत ‘इकडे सर्व क्षेम’ म्हणून लिहायचे, असा तो क्रम होता. पुढे मंडळे निघाली, गणपती बसू लागले, आणि १९८१ साली शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन होऊन अमेरिका व कॅनडा येथील मराठी संस्था एका छत्राखाली आल्या.

पण या कायद्याचे गुणगान करताना त्याने कोणाला मोजलेच नाही, हेही सांगितले पाहिजे. गिरणगावातल्या साच्यावर वीस वर्षे काढलेल्या, सुताचा धागा बोटांनी ओळखणाऱ्या कामगाराला या तक्त्यात काय मिळणार? चार-सहा इयत्तांचे चार-सहा, इंग्रजीचे शून्य, वय पस्तिशीपुढचे. पंजाबी समाजाला निदान साठ वर्षांपूर्वी गेलेल्या आजोबांचा आधार होता. नातलगांमार्फत येण्याची वाट त्यांना आता वंशभेदाविना खुली झाली. मराठी माणसाला तेथे आजोबा नव्हते, म्हणून जो गेला तो मुख्यतः पदवीच्या बळावर गेला, आणि तेथील मराठी समाजाचा पांढरपेशा चेहरा त्यातूनच घडला. शिवाय ज्या पदवीला आगमन खात्याने पुरते गुण दिले, तिला प्रांतोप्रांतीच्या व्यावसायिक परिषदांनी मान्यता दिलीच पाहिजे, असे बंधन त्यांच्यावर नव्हते. डॉक्टरला पुन्हा परीक्षा, अभियंत्याला पुन्हा परवाना, आणि सर्वांना ‘कॅनडातला अनुभव’ हवा, ही अट. ती प्रथमदर्शनीच भेदभावाची ठरते, हे ऑन्टेरिओच्या मानवाधिकार आयोगाने जाहीर केले २०१३ साली. तोवर पंचेचाळीस वर्षे उलटली होती आणि अनेकांचे उमेदीचे दिवस गोदामांत व टॅक्सीच्या चाकामागे खर्ची पडले होते.

नियम बदलत गेले. पाहुणा म्हणून येऊन तेथूनच अर्ज करण्याची सोय १९७२ च्या नोव्हेंबरात बंद झाली. १९७६ चा कायदा १९७८ पासून, आणि त्यानंतरचा २००२ पासून अंमलात आला. इतर देशांनीही, ऑस्ट्रेलियाने १९७९ मध्ये, न्यूझीलंडने १९९१ मध्ये, गुणांचा तक्ता स्वीकारला. या सर्व फेरफारांत एक गोष्ट टिकून होती: उत्तीर्णतेची रेषा आधी जाहीर असे. जानेवारी २०१५ पासून कॅनडाने तीही सोडली. आता १२०० गुणांत अर्जदारांची क्रमवारी लागते, सरकार ठराविक अंतराने वरच्या काही जणांना बोलावते, आणि त्या खेपेची रेषा कोठे पडली ते निवड झाल्यावरच कळते. नोकरीच्या प्रस्तावाला प्रारंभी ६०० गुण होते, ते नोव्हेंबर २०१६ मध्ये एकदम ५० किंवा २०० झाले. ज्याने त्यावर भिस्त ठेवून वर्ष काढले होते त्याचा हिशेब एका दिवसात कोलमडला. कोणाला घ्यावे हे ठरवण्याचा कॅनडाचा अधिकार मला मान्य आहे, आणि रांग लांब असता क्रम लावावा लागतो हेही मान्य आहे. पण १९६७ च्या तक्त्याने अर्जदाराला दिलेला सर्वांत मोठा हक्क, म्हणजे आपली बेरीज आपणच करून निर्णय आधी जाणण्याचा, तो या पद्धतीत हिरावला गेला आहे. निदान वर्षभरापुरती तरी रेषा आधी जाहीर करावी आणि मध्येच गुण बदलू नयेत, एवढी मागणी तेथे स्थिरावलेल्या मराठी मंडळींनी, आता मतदार असल्याच्या अधिकाराने, आपापल्या खासदारांकडे लावून धरली पाहिजे.