प्लॅटिनमची पूड : किती बारीक असावी?

चूल पेटवताना थेट ओंडक्याला कोणी काडी लावीत नाही. आधी ढलप्या काढतात. लाकूड तेच, पण ढलपीला हवा चोहोबाजूंनी भिडते. प्लॅटिनमच्या बाबतीत हीच गोष्ट शास्त्रज्ञांना कशी उमगली, आणि पुढे ती कुठे अडली, ते पाहू.

१८१७ साली हम्फ्री डेव्ही यांना आढळले, की ज्वालाग्राही वायू आणि हवा यांच्या मिश्रणात धरलेली प्लॅटिनमची तापलेली तार ज्योत नसतानाही धगधगत राहते. तार स्वतः जळत नाही, पण जळणे घडवून आणते. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. १८२० मध्ये त्यांचे चुलतभाऊ एडमंड डेव्ही यांनी प्लॅटिनमची बारीक पूड मद्यार्काने भिजवली, तर ती आपोआप तापली! तारेला आधी तापवावे लागले होते; पुडीला त्याची गरज पडली नाही. १८२३ मध्ये येना येथे डोबेरायनर यांनी स्पंजासारख्या प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडून तो काडीवाचून पेटवला.

मग विल्यम ग्रोव्ह आले. हे वकील, पुढे न्यायाधीशही झाले. १८४२ साली त्यांनी हायड्रोजन व ऑक्सिजन यांपासून वीज देणारा घट मांडला. त्यातल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर बारीक प्लॅटिनमचाच थर चढवला होता, कारण वायू, आम्ल आणि धातू जिथे एकत्र भेटतात तिथेच काम होते.

हिशेब करून पाहा. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एकेक मिलिमीटरचे घन केले, तर एकूण ६०. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे, म्हणजे १० नॅनोमीटरचे केले, तर ६०० चौरस मीटर! धातू तेवढाच. प्लॅटिनमसारख्या महाग धातूत ही बचत केवढी!

मग जितके बारीक तितके बरे? तसे नाही. मेथॅनॉलवर चालणाऱ्या घटांचा अभ्यास करताना विसाव्या शतकाच्या अखेरीस दिसले, की कण साधारण ४ नॅनोमीटरच्या खाली गेले की काम मंदावते. मेथॅनॉलचा रेणू मोडायला लगतचे काही अणू सपाटीवर मोकळे लागतात. चिमुकल्या कणावर तेवढे पटांगणच नसते. शिवाय त्याच्या कडाकोपऱ्यांवरचे अणू कार्बन मोनॉक्साइडला घट्ट धरून बसतात आणि जागा अडते.

गंमत अशी, की मुंग्यांच्या अंगात असते ते फॉर्मिक आम्ल मात्र बारीक कणांवर अधिक जोमाने ऑक्सिडीभूत होते. त्याला एवढी ऐसपैस जागा लागत नाही. तेव्हा पूड किती बारीक असावी, हे नुसत्या पुडीला विचारून भागत नाही. तिच्यावर काय जाळायचे, तेही विचारावे लागते.