सात दिवसांचा कॅम्प आणि शंभर वर्षांचं स्वयंपाकघर

गेल्या रविवारी इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर एका बापानं मला थांबवलं. फळांचा गाडा लावतो. त्याची मुलगी आमच्या उर्दू शाळेतून दहावी झाली, आता एसटीचा पास काढून रोज साताऱ्याला कॉलेजात जाते. हातातला कागद पुढं करून म्हणाला, "सर, सात दिन पोरगीकू गावमें रखनेवाले हैं. भेजूं क्या? नहीं गई तो मार्क जाते बोलती."

कागद राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे एनएसएसच्या विशेष शिबिराचा होता. खाली पालकांच्या सहीची जागा रिकामी होती. मी लगेच उत्तर दिलं नाही. "दोन दिवस द्या," म्हटलं. तो गेला, आणि मी घरी येऊन बराच वेळ जागा राहिलो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही एवढंच होतं, पण त्यामागं आपल्या भागाचा शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे. तो या लेखात सांगतो.

आपल्या घरांत वर्गाबाहेरच्या गोष्टींना फारसा मान नाही. वक्तृत्व, नाटक, कबड्डी, एनएसएस हे सगळं 'एक्स्ट्रा'. आणि एक्स्ट्रा म्हणजे फालतू. फी भरून मुलगा शिकायला पाठवला, नाचायला नाही, असं माझे अब्बाही म्हणायचे. मिरजेत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. त्यांचंही चूक नव्हतं. ज्या घरात एक माणूस दुपारी दुकानावर बसला नाही तर संध्याकाळचं गणित बिघडतं, तिथं गॅदरिंगच्या तालमीला वेळ कुठून आणायचा?

एकोणीसशे एकोणीसची दोन दारं

१९१९ साली आपल्या दोन जिल्ह्यांच्या परिसरात शिक्षणाची दोन दारं उघडली. जूनमध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं सांगली-मिरजेच्या मधोमध विलिंग्डन कॉलेज सुरू केलं. ऑक्टोबरमध्ये कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली.

विलिंग्डनचं दार विद्येच्या जुन्या वाटेवरचं. मोठमोठे प्राध्यापक, मराठी आणि कानडी दोन्ही भाषांचा राबता. कन्नड साहित्याचे इतिहासकार रं. श्री. मुगळी तिथं शिकवत. वि. कृ. गोकाक तिथं प्राचार्य होते. पु. ल. देशपांडे तिथून एम.ए. झाले. इंग्रजी अमलातल्या कॉलेजांनी वादविवाद सभा, वार्षिक अंक, स्नेहसंमेलन आणि जिमखाना या चार गोष्टी आणल्या, त्या आजही चालू आहेत. जिमखाना शब्दात उर्दूच्या माणसाला लगेच 'खाना' ऐकू येतो. 'गेंदखाना', म्हणजे चेंडूचं घर, यावरून तो आला असावा असं कोशकार सांगतात. शब्द अर्धा आपला असला तरी त्या घरात आपली मुलं फार थोडी होती. आपलीच कशाला, कुणब्याची, धनगराची, महार-मांगांचीही नव्हती.

दुसरं दार उघडणाऱ्या माणसानं विद्यार्थी असताना काय केलं, ते बघण्यासारखं आहे. भाऊरावांचा जन्म १८८७ चा, कुंभोजचा. शिकायला ते कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहिले. १९०८ साली शाहू महाराजांच्या पुढाकारानं अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. त्या समारंभाला हा मुलगा गेला. परत आल्यावर आंघोळ करून मगच आत ये, असं त्याला सांगितलं गेलं. त्यानं नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं. एका मुलानं अभ्यास सोडून एका कार्यक्रमाला जाणं, हे आजच्या भाषेत 'एक्स्ट्रा'च म्हणायचं. पण पुढची रयत त्या एका संध्याकाळीतून निघाली, असं मला वाटतं.

कोल्हापुरातली ती बोर्डिंगं जातवार होती. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, लिंगायतांचं वेगळं. मुसलमानांसाठी महाराजांनी १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग अजून उभं आहे. त्या छपराखाली राहून आपली किती मुलं शिकली! तेव्हा जातवार बोर्डिंगांना नावं ठेवणं मला जमत नाही. ज्याला शहरात कुणी खोली देत नाही, त्याला आधी छप्पर लागतं.

भाऊरावांनी मात्र पुढचं पाऊल टाकलं. आधी दुधगावात, मग काले-नेर्ले भागात आणि १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातिधर्मांच्या मुलांचं एकच वसतिगृह चालवलं. चूल एक, पंगत एक. मुलांनीच पाणी भरायचं, भाजी पिकवायची, भाकऱ्या थापायच्या. कोठीत दाणा उरला नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. साताऱ्यात धनिणीची बाग म्हटलं की जुन्या माणसांना आजही तेच बोर्डिंग आठवतं.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, आणि स्वयंपाकघरातली ही रीत कॉलेजात आली. 'कमवा आणि शिका' या योजनेत मुलानं दिवसातले काही तास शेतात, बांधकामावर, रस्त्यावर घाम गाळायचा आणि त्या श्रमातून त्याचं शिक्षण व्हायचं. बॅरिस्टर पी. जी. पाटील याच रयतेच्या वसतिगृहातले. ते पुढं विलायतेला गेले, परत येऊन प्राचार्य झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. विलिंग्डनच्या जिमखान्यात मुलगा रॅकेट घेऊन उतरत होता, साताऱ्याच्या माळावर मुलगा कुदळ घेऊन. माझ्या दृष्टीनं दोन्ही वर्गाबाहेरचंच शिक्षण. फरक एवढाच, की कुदळ धरायला वर्गणी लागत नव्हती.

अलीगढची 'ड्यूटी'

हे फक्त आपल्याच मुलखात झालं असंही नाही. सर सय्यदांच्या अलीगढ कॉलेजात १८८४ साली सिडन्स युनियन क्लब निघाला. पहिल्या प्राचार्यांचं नाव त्याला दिलं होतं. तिथं मुलं वादविवाद करत, निवडणुका लढवत. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती १८९० ची 'अंजुमन-अल-फर्ज'. इंग्रजीत तिला 'ड्यूटी' म्हणत. साहबजादा आफताब अहमद खान यांच्या पुढाकारानं विद्यार्थ्यांनी ती काढली. सुट्टीत मुलं गावोगाव फिरून गरीब मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी पैसे गोळा करत, दुकान लावून वस्तू विकत. त्यातली बरीच शरीफ घराण्यांतली. दुकानावर उभं राहणं त्यांना कमीपणाचं वाटण्यासारखं होतं, तरी ती उभी राहिली. अलीगढला फर्ज म्हणाले, साताऱ्याला श्रम म्हणाले.

साताऱ्यातच आणखी एक पाटी आहे. बी.एड.च्या वर्षी ती वाचताना मी दर वेळी थबकायचो: 'आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन'. मौलाना अबुल कलाम आझाद देशाचे शिक्षणमंत्री असताना, १९५५ साली, भाऊरावांनी शिक्षक घडवणाऱ्या आपल्या कॉलेजाला त्यांचं नाव दिलं. दोघांच्या जन्मात वर्षाचं अंतर. मौलाना कुठल्या शाळा-कॉलेजात रीतसर शिकले नाहीत, भाऊरावांना मॅट्रिकही पार करता आली नाही. मौलाना कोवळ्या वयात कलकत्त्यात वाचनालय आणि वादसभा चालवत होते, आणि १९०३ साली, पंधरा वर्षांचे असताना, 'लिसान-उस-सिद्क' हे मासिक काढत होते. म्हणजे ज्याला आपण एक्स्ट्रा म्हणतो, तेच या दोघांचं कॉलेज होतं.

कव्वालीचा मुलगा

आता थोडं माझं. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकलो, नाव घेत नाही. मला वादविवादात बोलायचं होतं. मराठी माझी चांगली होती, वर्गात सगळ्यांना माहीत होतं. पण गॅदरिंग आलं की सर म्हणायचे, "शेख, तू कव्वाली बसव." तीन वर्षं मी कव्वाली बसवली. टाळ्या मिळाल्या, बक्षीसही मिळालं. कुणी वाईट हेतूनं केलं असं नाही. फक्त माझी जागा आधीच ठरलेली होती. वादविवादाची निवड शुक्रवारी दुपारी असायची. ती वेळ बदलून मागावी, हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी तोंड उघडलं नसतं.

एनएसएसचा कॅम्प मात्र वेगळा निघाला. एनएसएस गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षातली, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झालेली. आमचा कॅम्प दुष्काळी भागातल्या एका गावात होता, बांध घालायचा होता. स्वयंपाकाच्या पाळ्या लागल्या. माझं नाव भाकरीच्या गटात आलं, तेव्हा एक मुलगा हळूच म्हणाला, "ह्याला पाण्याच्या गटात टाका की." सगळ्यांना कळलं, कुणी बोललं नाही. आमचे कार्यक्रम अधिकारी उठले, परातीजवळ माझ्या शेजारी येऊन बसले आणि पीठ मळायला लागले. भाषण केलं नाही. माझ्या भाकऱ्या वेड्यावाकड्या होत होत्या, त्यावर मात्र ते खूप हसले. तिसऱ्या दिवशी तोच मुलगा माझ्यासमोर ताट घेऊन बसला. पुढं तो मित्र झाला, माझ्या निकाहला आला. शाहू बोर्डिंगबद्दल मी नंतर वाचलं तेव्हा मला ते इतिहासासारखं वाटलं नाही, ओळखीचं वाटलं.

अशी आणखी उदाहरणं आपल्या भागात आहेत. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर विलिंग्डनमध्ये आणि पुढं मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. डॉक्टरकी शिकताना ते कबड्डी खेळत होते. शिवाजी विद्यापीठाच्या संघाचे कर्णधार झाले, भारताकडून बांगलादेशविरुद्ध खेळले. पुढं त्यांनी कॉलेजांत विवेकवाहिनीचे गट उभे केले. माणसं जोडायची सवय त्यांना व्याख्यानाच्या बाकावर लागली की मैदानात, हे मी सांगू शकत नाही. पण मैदान नसतं तर ती तशी लागली असती का, असं मनात येतं.

कायद्यातली खुर्ची आणि क्रेडिट

१९६२ साली शिवाजी विद्यापीठ झालं आणि सातारा-सांगलीची कॉलेजं त्याच्या छत्राखाली आली. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी मंडळाच्या थेट निवडणुका बंद केल्या. वर्गातला गुणवत्तेनं पहिला मुलगा प्रतिनिधी, आणि त्याच्या जोडीला क्रीडा, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक विभाग यांतून नेमलेले विद्यार्थी. म्हणजे जो मुलगा पहिला नंबर काढू शकत नव्हता, त्याला मंडळात बसायचं तर वर्गाबाहेरच्या कामाचीच वाट होती. आपल्या किती पालकांना हे ठाऊक होतं?

२०२१ साली साताऱ्यात रयतेच्या तीन कॉलेजांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. शेकडो कॉलेजं सांभाळणाऱ्या विद्यापीठांपुढं ते लहानसंच. आणि नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, कला यांना आता क्रेडिट आहेत. 'एक्स्ट्रा' आता गुणपत्रिकेत आलं. हे चांगलं आहे, आणि त्यात धोकाही आहे. क्रेडिट मिळतं म्हटल्यावर हजेरीपुरतं जायचं, फोटो काढायचा, प्रमाणपत्र घ्यायचं, असंही होऊ शकतं. आणि ज्या मुलीची शेवटची एसटी साडेपाचला आहे, तिच्यासाठी पाचनंतरची तालीम म्हणजे बंद दारच. दार उघडं ठेवायचं तर वेळापत्रकापासून सुरुवात करावी लागेल. शुक्रवारी दुपारी निवडी नकोत. मुली मुक्कामाला असतील तर बाई प्राध्यापकांचं नाव आणि फोन नंबर पालकांच्या पत्रावर हवा. या साध्या मागण्या आहेत, पण मागायला आपण गेलं पाहिजे. पालक सभेला आपल्यातले किती जण जातात, हेही एकदा मोजून बघू या.

दोन दिवसांनी मी त्या बापाच्या गाड्यावर गेलो. वरचं सगळं त्याला सांगितलं नाही. फक्त माझ्या कॅम्पमधल्या भाकऱ्यांची गोष्ट सांगितली आणि कॉलेजात फोन करून विचारलेलं सांगितलं: मुलींचा मुक्काम गावच्या शाळेत, सोबत दोन मॅडम, रात्री गावकऱ्यांचा पहारा. त्यानं संत्र्यांवरचं फडकं झटकलं, थोडा वेळ गप्प राहिला.

"एक दिन मैं जाके देखके आऊं तो चलेगा क्या?"

"चलेगा," मी म्हटलं. "भाकरीच्या वेळेला जा."

त्यानं मुलीला हाक मारली आणि पेन मागितलं.