हात वाचवणारं अवजार बनवलंय? व्हिडिओ टाकण्याआधी अर्ज करा

कडबा कुट्टीत बोटं जाणं, मळणी यंत्रात हात ओढला जाणं, ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टला साडीचा पदर गुंडाळला जाणं, नारळावरून पडणं. असं एखादं तरी उदाहरण प्रत्येक गावात सापडतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले.

अपघात झाल्यावर राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख. पण हात जाऊच नये म्हणून गावचा वेल्डर, मिस्त्री किंवा शेतकरी स्वतःच्या डोक्यानं एखादं गार्ड, एखादा लॉक बनवतो, तेव्हा त्याला कोण मदत करतं? मदत आहे, पण तिचा क्रम चुकला की हाती काही लागत नाही.

पहिला दरवाजा : एनआयएफ

राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान, म्हणजे एनआयएफ, ही संस्था २००० मध्ये सुरू झाली. ती केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीत असून गुजरातेत गांधीनगरजवळ अमरापूर इथं आहे. अहमदाबादच्या आयआयएममधले प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी उभ्या केलेल्या 'हनी बी नेटवर्क' या चळवळीतून तिचा पाया घातला गेला.

इंजिनिअरिंगचं शिक्षण नसलेल्या, कुठल्याही संस्थेच्या मदतीशिवाय काही नवीन बनवणाऱ्या माणसासाठीच ही संस्था आहे. माहिती मराठीत, हातानं लिहून, पोस्टानं पाठवली तरी चालते. फी नाही. शेती, जंगल, मासेमारी, घरकाम, कुठलीही कल्पना चालते. कल्पना खरोखर नवी ठरली तर पेटंटचा अर्ज, चाचणी आणि सुधारणा यासाठी संस्था मदत करते. तुमची माहिती कुणाला, किती दाखवायची याची लेखी संमती आधी घेतली जाते. तो कागद वाचल्याशिवाय सही करू नये.

छोट्या भांडवलासाठी सिडबीच्या सहकार्यानं २००३ पासून एक वेगळा निधीही आहे. त्यात तारण मागत नाहीत.

आधी अर्ज, मग व्हिडिओ

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. यंत्र चाललं की पोरं लगेच व्हिडिओ काढून यूट्यूबवर आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकतात. पण पेटंट फक्त नव्या गोष्टीला मिळतं. अर्ज करण्याआधी ती सगळ्यांसमोर आली असेल तर ती कायद्याच्या नजरेत नवी राहत नाही, मग ती तुम्हीच दाखवलेली का असेना. केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात दाखवलं तर काही सवलत आहे, पण तालुक्याचं कृषी प्रदर्शन त्यात आहे असं धरून चालू नये.

काम अर्धवट असलं तरी 'तात्पुरता अर्ज' करून तारीख पक्की करता येते. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण वर्णन द्यावं लागतं. तेवढ्या काळात यंत्र सुधारता येतं, गिऱ्हाईक शोधता येतं. मात्र तात्पुरत्या अर्जात जे लिहिलंय त्यालाच ती तारीख लागते, म्हणून मूळ युक्ती त्यात नीट उतरली पाहिजे.

पेटंटचा खर्च आणि नियम

• व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये, तपासणीच्या विनंतीची फी ४,००० रुपये. एजंट लावला तर त्याची फी वेगळी.
• तपासणीची विनंती ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. ती केली नाही तर अर्ज बाद धरला जातो.
• पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. ते टिकवायला तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी भरावी लागते.
• महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईत अँटॉप हिल इथल्या पेटंट कार्यालयाकडे येतात. कागद इंग्रजीत किंवा हिंदीत लागतात, मराठीत चालत नाहीत.
• आधी कुणी तसंच काही नोंदवलंय का, हे सरकारच्या पेटंट वेबसाइटवर फुकट शोधता येतं.

शेती करण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. दोन जुन्या वस्तू नुसत्या शेजारी जोडल्या आणि त्या आपापलंच काम करत राहिल्या, तर त्यालाही मिळत नाही. दोन्ही मिळून काही नवं काम होत असेल तरच विचार होतो. वस्तूचा फक्त आकार वेगळा असेल तर डिझाइनची नोंदणी करता येते. ती १० वर्षांची असते, पुढं ५ वर्षं वाढते.

चाचणीचा कागद का लागतो

अवजारांवर सरकारी अनुदान घ्यायचं तर यंत्राचा अधिकृत चाचणी अहवाल लागतो. मध्य प्रदेशातल्या बुधनी इथं केंद्र सरकारची जुनी चाचणी संस्था आहे. बाकीही मान्यताप्राप्त केंद्रं आहेत. कुठलं केंद्र कोणतं यंत्र तपासतं, हे जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावं. अहवालाशिवाय बनवलेलं यंत्र गावात विकलं जाईल, पण अनुदानाच्या यादीत येणार नाही आणि शेतकरी अनुदानवालंच घेईल.

कंपनी काढून धंदा करायचा असेल तर राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून कृषी स्टार्टअपना निधी मिळतो. कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत, पुढच्या टप्प्यावर २५ लाखांपर्यंत. त्यासाठी ठरलेल्या केंद्रांत आधी निवड आणि प्रशिक्षण होतं.

विकत घेणार कोण?

सुरक्षेच्या वस्तूची खरी अडचण इथं आहे. हात मजुराचा जातो आणि यंत्र मालक विकत घेतो. म्हणून नुसतं 'सुरक्षित आहे' म्हणून वस्तू खपत नाही. आजवर ज्या युक्त्या पसरल्या किंवा अडल्या, त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

मळणी यंत्र : अपघात इतके वाढले की १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा केंद्रीय कायदाच करावा लागला. पेंढी सरकवायचं तोंड लांब आणि अर्धं झाकलेलं असलं की हात ड्रमपर्यंत पोचत नाही, इतकी साधी ती युक्ती. सक्ती आली म्हणून ती कारखान्यात बसवली जाऊ लागली. तरीही काम लवकर व्हावं म्हणून झाकण काढून मळणी करणारे आजही दिसतात. सहज काढता येणारं गार्ड लोक काढतातच.

कडबा कुट्टी : दिल्ली आयआयटीच्या संशोधकांनी गावोगावचे अपघात तपासून साधे उपाय सुचवले. रुळांच्या आधी हाताला धक्का देऊन सावध करणारा एक रूळ, पात्यांवर गार्ड आणि लहान मुलांनी चाक फिरवू नये म्हणून लॉक. यातलं काहीच महाग नाही, गावच्या वर्कशॉपमध्ये जमणारं आहे.

नारळावर चढण्याचं यंत्र : केरळातल्या कन्नूर जिल्ह्यातल्या चेंबेरीचे शेतकरी एम. जे. जोसेफ यांनी पाय अडकवून, तारेच्या विळख्यावर चढायचं यंत्र बनवलं. एनआयएफनं त्यांची दखल घेतली. पुढं नारळ विकास मंडळानं २०११ पासून 'नारळाच्या झाडाचे मित्र' हा कार्यक्रम सुरू केला. त्यात तरुणांना चढण्याचं यंत्र, प्रशिक्षण आणि विमा दिला. यंत्राबरोबर शिकवणारा माणूस आणि विमा आला, म्हणून ते वापरात राहिलं. कोकणातही नारळावर चढायला यंत्र वापरणारे आहेत.

फवारणीचा सूट : बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेनं कीटकनाशकाचं विष कापडावरच निकामी करणारा 'किसान कवच' हा सूट तयार केला. डिसेंबर २०२४ मध्ये तो आला तेव्हा किंमत सुमारे ४ हजार रुपये सांगितली गेली. धुऊन पुन्हा वापरता येतो. पण रोजंदारीवर फवारायला जाणारा मजूर ४ हजार घालेल का? तो मालकानं, गटानं किंवा ग्रामपंचायतीनं घेऊन ठेवला तरच अंगावर येईल.

थोडक्यात, वस्तू स्वस्त असावी, कामाचा वेग कमी करू नये, सहज काढता येऊ नये आणि दुरुस्ती गावातच व्हावी. या चार गोष्टी जमल्या तर मालकही नाही म्हणत नाही.

आजपासून काय करावं

१. एक वही ठेवा. काय बनवलं, कधी बदललं, कशासाठी बदललं ते तारखेसह लिहा. चित्र काढा, फोटो काढा, पण पाठवू नका.
२. दाखवायचंच असेल तर विश्वासातल्या माणसालाच दाखवा आणि गुप्त ठेवण्याचं लेखी घ्या.
३. अपघात कसा होतो आणि तुमचं यंत्र नेमकं कुठं तो थांबवतं, हे चार ओळीत लिहा. अर्जात हेच लागतं.
४. एनआयएफला पत्र लिहा किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञाकडून मसुदा तपासून घ्या.
५. पेटंटची हमी देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा. पेटंट मिळेल की नाही ते फक्त पेटंट कार्यालय ठरवतं.
६. अर्जाची पावती आणि क्रमांक हाती आल्यावर मग व्हिडिओ टाका.

सगळ्यांनाच पेटंट हवं असतं असं नाही. 'गावाला फुकट मिळू दे' म्हणणारेही आहेत. त्यांनी मोजमापासह पूर्ण माहिती उघड प्रसिद्ध केली तर पुढं दुसऱ्या कुणाला त्याच युक्तीचं पेटंट घेणं अवघड होतं. फक्त हा निर्णय आधी घ्यावा. नंतर पश्चात्ताप झाला तरी उघड केलेली गोष्ट परत झाकता येत नाही.