टॅपेटची टिकटिक

मनीषनगरमधल्या आमच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये गाडी सुरू केली की भिंतीवरून आवाज परत यायचा. टिक-टिक-टिक. रेस वाढवली की टिकटिकही भरभर व्हायची. गाडी अठरा वर्षांची, पेट्रोलवरची. मिस्त्री म्हणाला, "टॅपेट वाजताहेत, इंजिन खोलावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी भंगारात काढायची भाषा केली. बाबा एवढंच म्हणाले, "आधी टॅपेट सेट करून पाहा ना रे."

पण या इंजिनात सेट करण्यासारखं काही नव्हतंच. बाबांच्या मनात वेगळी गाडी होती.

त्यांची पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मूळच्या फियाट ११०० वरून ती कुर्ल्यात बनवली. तिच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांत मुद्दाम थोडी फट ठेवलेली असे. इंजिन तापलं की धातू फुगतो. फट नसेल तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. फट जास्त झाली तर टिकटिक. म्हणून मिस्त्री फिलर गेजची पातळ पट्टी त्या फटीत सरकवायचा, स्क्रू फिरवायचा, नट आवळायचा. पट्टी किती अडते हे त्याच्या बोटांना कळायचं.

बोटांचं हे काम तेलाकडे सोपवायची युक्ती जुनीच आहे. १९३० मध्ये अमेरिकेत आलेल्या कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरच्या गाडीत हायड्रॉलिक योजना होती. श्रीमंत गिऱ्हाइकाला इंजिनाचा आवाज नको होता. हायड्रॉलिक टॅपेट म्हणजे छोटी डबी. आत प्लंजर, त्याखाली स्प्रिंग आणि आत आलेलं ऑइल परत जाऊ न देणारी बारीक गोळी. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून डबी घट्ट राहते आणि फट आपोआप भरून निघते. पुढे ही सोय सामान्य गाड्यांतही आली. आपल्याकडे रांजणगावला बनलेल्या फियाटच्या १.३ मल्टिजेट डिझेल इंजिनातही ती होती.

फिलर गेज गेलं, पण जबाबदारी संपली नाही, ती ऑइलवर आली. ऑइल कमी, जुनं किंवा चुकीच्या ग्रेडचं असेल तर डबी रिकामी राहते. प्रमाणाबाहेर भरलं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि डबीत हवा शिरते. हवा मात्र दाबली जाते, म्हणून टॅपेट वाजतो. मळ साचला तर गोळी अडकते.

मग आवाज नीट ऐकायला लागलो. रात्रभर उभ्या गाडीत पहिले काही सेकंद टिकटिक झाली तर बहुधा काळजीचं कारण नाही, डबीतलं ऑइल उतरलेलं असतं. आमची मात्र इंजिन तापल्यावरही थांबत नव्हती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक वरच्या कव्हरवर आणि मूठ कानाला लावली. आवाज एकाच जागी ठळक होता. सपाट जागी डिपस्टिक पाहिली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, काळंकुट्ट. बदलायची तारीख मीच दोनदा पुढे ढकलली होती.

मिस्त्रीला ऑइलचं प्रेशर गेज लावून मोजायला सांगितलं. प्रेशर ठीक निघालं. ते कमी असतं तर पंप आणि बेअरिंगकडे वळावं लागलं असतं. आणि ऑइलचा लाल दिवा पेटलाच, तर तपासत बसू नये, इंजिन तिथेच बंद करावं.

मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर घातला. वर्धा रोडवर एक लांब चक्कर मारली. काहीशे किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदललं. टिकटिक बरीच कमी झाली, तरी एक टॅपेट वाजतच राहिला. कव्हर उघडून तेवढा बदलला. संपूर्ण इंजिन खोलायची गरज पडली नाही.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. ती बातमी बाबांनी मला दोनदा पाठवली होती. आता सकाळी मी गाडी सुरू करतो तेव्हा ते बोनेटजवळ कान देऊन उभे राहतात. काहीच ऐकू आलं नाही की विचारतात, "ऑइल कधी बदललंस?"